स्लॅबला सुट्टी नसते

'घर पाहावं बांधून आणि लग्न पाहावं करून' ही म्हण आपण सगळ्यांनी शाळेत 'वाक्यात उपयोग करा' म्हणून कधी ना कधी लिहिली आहे. मीही लिहिली होती. तेव्हा वाटायचं, यात काय एवढं? गेल्या डिसेंबरात आमच्या घराचा स्लॅब पडला आणि म्हणीचा अर्थ कळला. म्हण करणाऱ्याने एक गोष्ट मात्र सांगायची राहून गेली आहे, ती म्हणजे घर डिसेंबरात बांधू नये. किंवा बांधायचंच असेल तर कॅलेंडर भिंतीवरून काढून हातात घेऊन बसावं.

हा लेख त्याबद्दल आहे. आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या घरी कुठे ना कुठे बांधकाम चालू असतं, कुणाचा वरचा मजला, कुणाचं गावाकडचं घर. आणि घरातल्या कॉलेजात जाणाऱ्या मुलामुलींकडे सुट्टीत एक काम हमखास येतं: "जा, पाणी मारून ये." ते पाणी का मारायचं, किती दिवस मारायचं, आणि सणासुदीची घाई त्यात कुठे आडवी येते, हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. म्हणून सांगते.

डिसेंबरच का?

आमचं जुनं घर मातीच्या भिंतींचं होतं. ऑगस्ट २०१९ मध्ये बेळगाव आणि खानापूर भागात जो पाऊस झाला, त्यात मागची भिंत बसली. तेव्हापासून आम्ही भाड्याच्या दोन खोल्यांत. आज्जीचं वय वाढत होतं आणि तिचं एकच म्हणणं होतं, "मला माझ्या जागेत न्या."

आपल्याकडे बांधकामाचा हंगाम पावसावर ठरतो. जून ते सप्टेंबर पाया खणायला नको आणि स्लॅब घालायला तर नकोच. गणपती, दसरा, दिवाळी झाली की माती जरा वाळते, मग पाया, कॉलम, भिंती. एवढं होईपर्यंत डिसेंबर उजाडतो. म्हणजे घर स्लॅबपर्यंत येतं ते नेमकं या महिन्यात, आणि पुढच्या पावसाच्या आत छप्पर हवंच असतं.

आता याच महिन्यात बाकी काय काय असतं ते बघा. खानापूर, चंदगडकडे भाताची कापणी-मळणी, म्हणजे सुगी. ऊसतोड जोरात. मार्गशीर्ष पौर्णिमेला सौंदत्तीची यल्लम्माची यात्रा. मग येळ्ळ अमावस्या, तेव्हा शेतात जेवायला जायचं. १६ डिसेंबरच्या सुमारास धनुर्मास लागतो तो संक्रांतीपर्यंत, त्यात बरेच लोक लग्न आणि वास्तुशांत करत नाहीत. त्यामुळे पहिल्या पंधरवड्यात सगळ्यांनाच घाई, आणि फरशीवाला, रंगवाला, मांडववाला कुणीच मोकळा नाही. शहरात बहुतेक वर्षी याच दिवसांत अधिवेशन, म्हणजे रस्त्याला गर्दी. शेवटी नाताळ आणि नवीन वर्ष. आमच्याकडे नाताळला म्हापशाची आत्या मुलाबाळांसकट येते, पुण्याहून दादा येतो, करंज्या, कुळकुळं, गोठा, चांदणी सगळं असतं.

गवंडी, बिगारी, सेंट्रिंगवाले याच गावांतली माणसं. त्यांनाही सुगी असते, यात्रा असते, नाताळ असतो. आपण म्हणतो, "कामगार सुट्टीवर गेले, काम अडलं." ही तक्रार मीही केली. पण दादा पुण्याहून पगारी रजा काढून येतो. रोजंदारीवरच्या माणसाची सुट्टी म्हणजे बुडालेला रोज, आणि तो रोज बुडवूनही त्याला आपल्या घरी जावंसं वाटतं. हे एकदा डोक्यात बसलं की पुढचं नियोजन जरा शहाण्यासारखं होतं.

"वाळायला घातलंय तर पाणी कशाला?"

हा प्रश्न आज्जीचा. खाली खुर्ची टाकून ती बसायची आणि मी वर पाईप घेऊन. तिला वाटायचं, चिखलाची भिंत वाळते तसा स्लॅब वाळतो, मग ही पोरगी रोज तो ओला का करते?

प्रश्न अगदी बरोबर आहे, आणि निम्म्या लोकांचा गैरसमज त्यातच आहे. काँक्रीट वाळून घट्ट होत नाही. सिमेंट आणि पाणी यांच्यात रासायनिक क्रिया होते, तिला हायड्रेशन म्हणतात. त्या क्रियेत जे नवे पदार्थ तयार होतात ते खडी आणि वाळू यांना एकमेकांशी बांधून टाकतात. या क्रियेला पाणी लागतं आणि वेळ लागतो. पाणी मधेच उडून गेलं तर क्रिया तिथेच थांबते. वरून कडक दिसतं, पण आत जी ताकद यायची ती येत नाही. वरचा थर पोकळ, धुळीचा होतो, बारीक भेगा पडतात, आणि पुढे पावसाचं पाणी त्याच वाटेने आत उतरतं.

मी आज्जीला हे सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे लोणच्यासारखं मुरायला पाहिजे म्हण की." याहून चांगली व्याख्या मला पुस्तकात सापडली नाही. आमचे इंजिनिअर काका त्यालाच 'क्युरिंग' म्हणतात.

मुरायला किती दिवस? काँक्रीटची ठरलेली ताकद २८ दिवसांनी मोजतात. सातव्या दिवशी साधारण दोन-तृतीयांश येते, बाकीची हळूहळू. आपल्या देशात काँक्रीटच्या कामासाठी आयएस ४५६ नावाचं मानक आहे, त्याची एक आवृत्ती २००० सालची. त्यात साध्या सिमेंटसाठी कमीत कमी ७ दिवस सतत ओलं ठेवा असं सांगितलंय. राख मिसळलेलं, म्हणजे पीपीसी सिमेंट असेल तर कमीत कमी १० दिवस, आणि ते १४ पर्यंत वाढवलेलं बरं. आता घरासाठी दुकानातून जे पोतं येतं ते बहुतेक वेळा पीपीसीच असतं. पोत्यावर लिहिलेलं असतं, वाचा. म्हणजे आपल्यासाठी आकडा १४.

दुसरी गोष्ट थंडीची. थंडीत ही क्रिया मंदावते. त्याच मानकात स्लॅबखालचे टेकू कधी काढायचे याचे दिवस दिलेत: दोन आधारांमधलं अंतर साडेचार मीटरपर्यंत असेल तर स्लॅबला ७ दिवस, त्याहून जास्त असेल तर १४. बीमला ६ मीटरपर्यंत १४ दिवस आणि त्यापुढे २१. पण हे दिवस साध्या सिमेंटसाठी आणि तापमान १५ अंशांच्या खाली जात नसेल तेव्हाचे. बेळगावात डिसेंबरच्या रात्री पारा पुष्कळदा १५ च्या खाली उतरतो, आणि सिमेंट पीपीसी. म्हणून आमच्या इंजिनिअर काकांनी सरळ सांगितलं, स्लॅबला १४ दिवस, बीमला २१, त्याआधी एक टेकू हलवायचा नाही. "मेस्त्रीला प्लेटा दुसरीकडे न्यायच्या असतात, तो घाई करणार. तुम्ही हलू देऊ नका."

वाद

स्लॅब कधी घालायचा, यावर आमच्या घरात चार दिवस वाद झाला. बाबांचं म्हणणं होतं, दादा २० तारखेला येतोय, तो आल्यावर २१ ला घालू. घराचा स्लॅब आणि थोरला मुलगा नाही, हे त्यांना पटत नव्हतं. कर्जाचे हप्ते दादाच भरतोय, तेव्हा त्यांचं चुकीचं होतं असंही नाही. आईला वाटायचं, हे सगळं नाताळ झाल्यावर, २ जानेवारीनंतर करा, पाहुण्यांच्या गर्दीत कसलं बांधकाम. मेस्त्री दोघांचं ऐकून घेत होते. मग म्हणाले, "बारा तारखेला घालूया की. मग तुमी पाणी मारा, आमी सुगी करून येतो."

मला तेव्हा वाटलं, मेस्त्री आपली सोय बघतायत. नंतर कागद घेऊन हिशेब मांडला तेव्हा कळलं, त्यांनी आमचीही सोय बघितली होती.

१२ डिसेंबरला स्लॅब घातला तर १४ दिवसांचं पाणी २६ ला संपतं. बीमचे २१ दिवस २ जानेवारीला भरतात. म्हणजे १३ डिसेंबर ते २ जानेवारी या काळात गवंडी, सेंट्रिंगवाले, बिगारी कुणाचंच त्या स्लॅबवर काम नसतं. काम असतं फक्त काँक्रीटचं, आणि पाणी मारणाऱ्याचं. कामगारांची सुट्टी आणि स्लॅबचं मुरणं एकमेकांवर बरोबर बसतं.

२१ तारखेला घातला असता तर? पाणी ४ जानेवारीपर्यंत आणि टेकू ११ जानेवारीपर्यंत. शिवाय २० च्या आसपास माणसं निम्मी गावाला गेलेली. स्लॅब घालताना माणसं कमी पडणं फार वाईट. आमचा स्लॅब साधारण ९०० चौरस फूट, ५ इंच जाडीचा. त्याला ८५ च्या आसपास पोती सिमेंट लागलं आणि सगळं काम एका दिवसात, न थांबता संपवावं लागलं. अर्ध्यावर थांबून दुसऱ्या दिवशी पुढे सुरू केलं तर जुन्या आणि नव्या काँक्रीटचा सांधा नीट जुळत नाही, आणि गळती तिथूनच सुरू होते.

आणि जानेवारीत? तसं चाललं असतं. पण सेंट्रिंग लावून आणि सळ्या बांधून झाल्या होत्या. तीन आठवडे ते तसंच ठेवायचं म्हणजे प्लेटांचं भाडं चालू, आणि दवात सळ्यांना गंज.

यातून मला जो नियम सापडला तो एका ओळीचा आहे: थांबण्याचं काम सुट्टीत बसवा, हाताचं काम सुट्टीच्या बाहेर ठेवा. म्हणजे लांब सुट्टीच्या आधी काम अशा टप्प्यावर आणायचं, की पुढे नुसती वाट बघायची आहे. स्लॅब हा असा एक टप्पा. गिलावा हा दुसरा, त्यालाही आठवडाभर तरी पाणी लागतं. अर्धवट बांधलेल्या सळ्या, अर्धा खणलेला पाया, निम्मा गिलावा, हे टप्पे सुट्टीत सोडून जाऊ नयेत.

दादाला मी फोन करून सांगितलं. तो म्हणाला, "घाला. मी येऊन पाणी मारतो."

सुट्टीच्या आधी काय बघायचं

आम्ही एक वही केली होती. त्यातली यादी देते, कुणाच्या तरी उपयोगी पडेल.

स्लॅबच्या आदल्या दिवशी वीजवाल्याला बोलावून पाईप आणि पंख्याचे डबे बसवले आहेत ना, बघायचं. तो सुट्टीवर गेला असेल तर नंतर स्लॅब फोडून पाईप टाकणं परवडत नाही.

सिमेंट लागेल तेवढंच आणायचं. 'नवीन वर्षात भाव वाढेल' म्हणून पन्नास पोती जास्तीची आणली तर ती हवेतली ओल खातात. फळ्यांवर, भिंतीपासून लांब ठेवली तरी तीन महिन्यांनंतर न तपासता वापरू नयेत.

स्लॅब घालताना पाण्याचा हात आखडता ठेवायला सांगायचं. मिक्सरमधला माल पातळ असला की पसरायला सोपा, म्हणून बिगारी पाणी वाढवतात. एम-२० च्या काँक्रीटला ५० किलोच्या एका पोत्यामागे २५ ते २७ लिटर पाणी पुरतं, ३० च्या वर तर जाऊच नये. गंमत बघा, मिसळताना पाणी जास्त झालं तर ताकद जाते आणि घातल्यावर कमी पडलं तरी जाते.

पाणी कुठून येणार हे ठरवायचं. स्लॅबवर सिमेंट-वाळूची आळी बांधून पाणी साठवतात. ९०० चौरस फुटांवर एक इंच पाणी म्हणजे सुमारे २,१०० लिटर. हजार लिटरच्या दोन टाक्या झाल्या. थंडीच्या कोरड्या वाऱ्यात ते रोज उडतं, म्हणून रोज भर घालावी लागते. बोअरला वीज नसेल त्या दिवशी काय, टँकरवाला २५ तारखेला येणार का, हे आधी विचारून ठेवायचं.

हिशेब चुकता करायचा. सुट्टीच्या आधी माणसाला पैसे लागतात, आपल्यालाही लागतात. झालेल्या कामाचा पगार अडकवून 'म्हणजे परत येतील' असं काही लोक करतात. आमच्या बाबांनी स्लॅबच्या संध्याकाळी सगळ्यांचा पूर्ण हिशेब केला, वर थोडी उचल दिली आणि वहीत लिहिली. ५ जानेवारीला सगळे परत आले.

शेवटचं, पाहुण्यांसाठी. अर्धवट घर बघायला सगळ्यांनाच आवडतं. पण स्लॅबला कठडा नसतो, जिन्याची जागा उघडी असते, खाली खिळ्यांच्या फळ्या असतात. आत्याच्या मुलांना वर फोटो काढायचा होता, आम्ही नाही म्हटलं. आत्या जरा रुसली, पण चालतं. चांदणी लावायला तात्पुरत्या मीटरवरून वायर ओढायचा बेतही ओल्या जागेमुळे रद्द केला. आणि टेकूवर उभ्या असलेल्या स्लॅबवर विटांचा, वाळूचा ढीग कुणालाही टाकू द्यायचा नाही.

ज्यांचं घर शेवटच्या टप्प्यावर आहे त्यांच्यासाठी एक जास्तीची ओळ: नाताळच्या आत रंग झालाच पाहिजे म्हणून ओल्या गिलाव्यावर रंग मारू नका. गिलाव्याला मुरायला आणि मग वाळायला साधारण महिना द्यावा. नाहीतर सणात भिंती छान दिसतात आणि पुढे पापुद्रे सुटतात.

१५ डिसेंबर

आता माझी चूक.

स्लॅबचा तिसरा दिवस. आई-बाबा एका लग्नाला गेले होते, मुहूर्त धनुर्मासाच्या आतला. दुपारचं पाणी माझ्याकडे होतं. पण कॉलेजात आपल्याच मंडळाच्या कार्यक्रमाची तालीम होती. सकाळी आळी भरून ठेवली, वाटलं, संध्याकाळपर्यंत काही होत नाही. तालीम लांबली. पाच वाजता येऊन वर गेले तर पूर्वेच्या कोपऱ्यातलं आळं फुटलेलं, पाणी खाली वाहून गेलेलं, आणि तेवढा भाग पांढरा फटक. दिवसभर कोरडं वारं सुटलं होतं. हात लावला तर कोमट लागला.

मी आळं नीट केलं, पाणी भरलं, तरट भिजवून टाकलं आणि कुणाला काही बोलले नाही. दोन दिवसांनी तिथे केसासारख्या बारीक भेगा दिसल्या. मग सांगावंच लागलं. इंजिनिअर काकांनी येऊन बघितलं. म्हणाले, वरच्या थरापुरत्या दिसतायत, ताकदीची काळजी नाही, नंतर भरून घेऊ. बाबा काही बोलले नाहीत. त्यापेक्षा बोलले असते तर बरं होतं. कारण तो कोपरा आज्जीच्या खोलीवरचा होता.

२० ला दादा आला आणि आल्या आल्या पाईप हातात घेतला. २४ च्या रात्री मिस्सेला जाताना आम्ही दोघं नव्या कपड्यांत, हातात टॉर्च घेऊन वर गेलो, सगळी आळी तपासली आणि मगच चर्चला गेलो. २५ ला सकाळी केक कापायच्या आधी पुन्हा. त्या दिवशी बोअरला वीज नव्हती. शेजाऱ्यांच्या विहिरीतून बादल्यांनी पाणी चढवलं, त्यात आत्याचे यजमानही होते. बाबा खालून म्हणाले, "झालं की. थोरला मुलगा स्लॅबवर आहे."

२६ ला पाणी थांबवलं. ५ जानेवारीला मेस्त्री आले आणि टेकू काढले. मे महिन्यात आम्ही राहायला गेलो, रंग अजून बाकीच होता.

जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात रात्री उठून मी आज्जीच्या खोलीत टॉर्च मारला. छत कोरडं होतं, फक्त पूर्वेच्या कोपऱ्यात तळहाताएवढी ओल. भेगा भरल्या होत्या, वरून वॉटरप्रूफिंगही केलं होतं. तिथे उतार कमी पडला असेल, दुसरं काही असेल. पण १५ तारखेची ती दुपार मला विसरता येत नाही.

आज्जी जागीच होती. म्हणाली, "खाट दोन फूट अलीकडे घे. आणि आता झोप."

यंदाच्या पावसाळ्यानंतर तो कोपरा पुन्हा नीट करायचा आहे. मेस्त्रींना विचारलंय. ते म्हणाले, "डिसेंबरात करूया की." मी म्हटलं, सुट्टीच्या आधी. आणि यावेळी पाणी मी मारणार.